रात्रपाळी लागलीय ना, मग आधी उजेड सांभाळ

अगं, पहिल्याच आठवड्यात झोपेच्या गोळ्या शोधू नकोस. मेंदूतलं मुख्य घड्याळ बहुतेकांचं २४ तासांहून किंचित लांब चालतं. डोळ्यांत शिरणारा उजेड त्याला रोज जागेवर आणतो. १७२९ मध्ये दे मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखं रोप अंधारात ठेवलं, तरी पानं आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. म्हणजे घड्याळ आतलंच, उजेड फक्त त्याची वेळ जुळवून देतो. मला हे कळायला फार वर्षं लागली, म्हणून तुला आत्ताच सांगते.

पाळी सुटल्यावर परळच्या पुलावरचं ऊन उघड्या डोळ्यांनी घेऊ नकोस. मी वॉर्डातून निघतानाच काळा गॉगल लावते, तो घरी पडदे ओढल्यावरच काढते. खिडकीला जाड कापड लाव. समोरच्या पत्र्यावरून परतणारा उजेडही झोप मोडतो. पाळीच्या सुरुवातीला मात्र भरपूर दिव्यांत वावर. रात्री तीननंतर चहा नको. पहाटे भरपेट जेवणही नको, यकृताचं घड्याळ जेवणाच्या वेळा पाहतं. आणि सुट्टीला एकदम दिवसपाळीसारखी झोपू नकोस, सकाळचे निदान चार तास रोजच्याच वेळेला झोप.