मराठी माध्यमात शिकलेल्या खेड्यातल्या माणसाला इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक शब्दकोडं जमू शकतं का?

जमतं. मी मोर्शी तालुक्यात राहतो, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि बाजार समितीत एका अडत्याकडे हिशेब लिहितो. अकरा वर्षांपासून क्रिप्टिक सोडवतोय. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून येतात, ती वाचता, पण अमुक उत्तर कसं आलं हेच कळत नाही. माझंही पहिलं वर्षभर तेच होतं. अडचण इंग्रजीची कमी आणि वाचायच्या पद्धतीची जास्त आहे, म्हणून आधी मराठीतच दाखवतो.

हा मी रचलेला क्लू, म्हणजे उत्तर शोधायला दिलेली ओळ, बघा: "नदी उलटली की होतो गरीब (२)". कंसातला आकडा म्हणजे उत्तरात किती अक्षरं. आपल्याकडचा माणूस हे वाचतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे पूर येतो, खरडून गेलेली जमीन येते. क्लू रचणाऱ्याला तेच हवं असतं. पूर विसरा. "नदी" ही फक्त दोन अक्षरं समजा आणि खरोखर उलटी करा. दीन. दीन म्हणजे गरीब. साध्या शब्दकोड्यात उत्तराकडे जायला एकच वाट असते, अर्थाची. क्रिप्टिकमध्ये दोन असतात: एक अर्थ आणि दुसरी अक्षरांची करामत. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन मिळाल्या की उत्तर पक्कं, कोणाला विचारायची गरज नाही. आणि अर्थ सांगणारा भाग जवळजवळ नेहमी क्लूच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असतो, मधे नसतो. एवढं एक कळलं तरी निम्मी भीती जाते.

"कामकाजात दडलेलं धान्य (२)": उत्तर तिथेच छापलेलं आहे, का-मका-ज. "मान आणि माणूस (३)": इथे "आणि" ऐवजी "व" लिहा, मान अधिक व, मानव. हा माझा आवडता आहे, कारण यात एकही शब्द रिकामा बसलेला नाही.

रिकाम्या शब्दावरून मला पहिली शिकवण मिळाली ती आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींकडून. त्यांच्याकडे इंग्रजी पेपर एसटीने दुपारी यायचा, ते ओट्यावर बसून पेन्सिलीने सोडवायचे. मी मोठ्या हौसेने पहिला क्लू रचून नेला: "चिखलात विस्कटलेलं कमल, लेखणी (३)". गुरुजींनी दोनदा वाचला.

"कमल विस्कटलं, कलम झालं. कलम म्हणजे लेखणी, हेबी बरोबर. मंग हे चिखलात कायले टाकलं, बापू?"

मी म्हटलं, गुरुजी, कमळ चिखलातच उगवतं.

"ते तुह्या मनात उगवलं. सोडवणारा त्या चिखलाचं काय करीन, ते सांग मले."

मग त्यांनी पेन्सिलीने "चिखलात" वर एक बारीक रेघ मारली आणि कागद परत दिला. ती रेघ मी विसरलो नाही.

ही रेघ म्हणजे त्या खेळाचा जुना कायदाच आहे, हे मला नंतर कळलं. शब्दकोडं जन्मलं अमेरिकेत, २१ डिसेंबर १९१३ च्या न्यू यॉर्क वर्ल्ड या पेपरात, आर्थर विन यांच्या हातून. ते सरळ अर्थाचं होतं. त्याला वाकडं वळण दिलं इंग्लंडने. १९२६ पासून ऑब्झर्व्हर या तिथल्या पेपरात टॉर्केमाडा या टोपणनावाने एक गृहस्थ फार कठीण कोडी रचू लागले. त्यांच्यानंतर झिमेनीझ या नावाने डी. एस. मॅकनट आले. सोडवणाऱ्याला फसवावं, पण न्यायाने फसवावं, हे त्यांनी लावून धरलं आणि १९६६ साली पुस्तक लिहून त्याचे नियम मांडले. १९७२ पासून त्यांची जागा अ‍ॅझेड यांनी घेतली. आधीची दोन्ही नावं स्पेनच्या धर्मन्यायाधीशांची, सोडवणाऱ्याचा छळ करणारी म्हणून घेतलेली, आणि अ‍ॅझेड म्हणजे तसाच तिसरा न्यायाधीश डेझा, इंग्रजीत उलटा लिहिलेला. आपली नदी आणि दीन, तीच युक्ती. या अ‍ॅझेडनी झिमेनीझचा सगळा कायदा थोडक्यात सांगितला: क्लूमध्ये नेमका अर्थ हवा, न्याय्य करामत हवी आणि तिसरं काहीही नको. गुरुजींनी यातलं कोणाचं नाव कधी घेतलं नव्हतं, पण सांगितलं होतं तेच.

मला हे पटकन पटलं ते माझ्या कामामुळे. शेतकऱ्याला हिशेबपट्टी देतो तेव्हा वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं ओळीने लिहिलेलं असतं. एक रक्कम जरी उगीच दिसली तरी तो बोट ठेवून विचारतो, हे कायचे? विचारायलाच पाहिजे. क्लूलाही असंच बोट ठेवून विचारा. उत्तर सापडलं की लोक पेपर घडी करून ठेवतात, तिथेच शिकणं थांबतं.

म्हणून तुम्हाला माझा आग्रह आहे की पहिला महिना सोडवूच नका. कालचं कोडं आणि आजचं उत्तर शेजारी ठेवा आणि उलट्या बाजूने चाला. एक वही करा. रोज पाचच क्लू उतरवा. अर्थाच्या भागाखाली रेघ, करामत कोणती ते बाजूला, आणि जो शब्द उरला त्याला गोल. माझ्या वहीत तीन शेरे असतात: पूर्ण जुळलं, उत्तर आलं पण कारण सापडलं नाही, आणि कोड्यातच चूक. मधल्या शेऱ्याचे क्लू आठवड्याने पुन्हा बघतो. "कोड्यातच चूक" हा शेरा लिहायची घाई करू नका. माझ्या जुन्या वह्यांत तो जागोजागी आहे आणि त्यातले बहुतेक क्लू निर्दोष निघाले, मलाच तो शब्द माहीत नव्हता. पण गोल केलेला शब्द खरंच बिनकामाचा निघाला तर तसं स्पष्ट लिहा. रचणारा कितीही नावाजलेला असो.

इंग्रजीचं म्हणाल, तर ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. "फ्लॉवर" दिसलं की आपण फूल समजतो, पण "फ्लो" करते ती फ्लॉवर, म्हणजे नदी. "नंबर" म्हणजे आकडा नसून "नम" करणारं, बधिर करणारं औषध. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर जमवत जा. क्रिकेट कळत असेल तर थोडं भांडवल तुमच्यापाशी आधीच आहे: "डक" म्हणजे शून्य, म्हणून ओ हे अक्षर, "मेडन" म्हणजे एम, "ऑन" म्हणजे लेग. सरावाला द हिंदूचं कोडं घ्या, १९७१ पासून चालू आहे. गावात पेपर येत नसेल तर मोबाइलवर बघा.

आणि हे आपलं नव्हे, असं मनात आणू नका. लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं, "केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः". केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला? पण फोड करा: के म्हणजे पाण्यात, शवं म्हणजे प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा. पाण्यात पडलेलं प्रेत पाहून कावळा खूश झाला. आमच्या तालुक्यातल्या रिद्धपूरच्या महानुभावांनी तर पोथ्याच सकळ लिपीत, अक्षरं बदलून लिहून ठेवल्या. मराठी पेपरांत अशी कोडी रोज यावीत असं मला मनापासून वाटतं. आपल्या चौकटीत काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे उलथापालथीला जागा कमी मिळते हे खरं, पण फोड करायला मराठीइतकी सोय मला इंग्रजीत दिसत नाही.

हा एक तुमच्यासाठी ठेवतो: "सज्जनापुढे मोटार, व्याजाने पैसे देणारा (४)". प्रतिसादात नुसतं उत्तर लिहू नका, शब्दाशब्दाची पट्टी लिहा. एखादा शब्द फालतू वाटला तर गोल करून पाठवा, मी क्लू दुरुस्त करीन.