वाचक विचारतात : खलनायिका घडते कुठे?

प्रश्न : रिअ‍ॅलिटी शोमधली ‘व्हिलन’ बाई मुळातच तशी असते, की तिला तसं दाखवतात? अमेरिकी शोमध्ये ती बऱ्याचदा कृष्णवर्णीयच का?

उत्तर : भांडण बहुधा खरंच झालेलं असतं, पण खलनायिका घडते ती एडिटिंगच्या टेबलावर. कुणीतरी डिवचलं तो भाग कापला आणि तिचं उत्तर तेवढं ठेवलं, की ती उगाच अंगावर येणारी वाटते. दुसरी युक्ती म्हणजे ‘फ्रँकनबाइट’, वेगवेगळ्या वेळी बोललेले तुकडे जोडून केलेलं वाक्य. मुलाखतीत ऐन झोंबऱ्या शब्दावर चेहरा गायब होऊन दुसरंच दृश्य आलं आणि आवाज चालू राहिला, तर कान टवकारा. सूर मध्येच तुटतो, मागची गुणगुण बदलते. रागीट चेहरा दिसला तर कपडे, केस, पेल्यातलं पाणी आधीच्या शॉटशी जुळतंय का बघा. नसेल, तर तो चेहरा दुसऱ्याच वेळचा असू शकतो.

‘चिडकी काळी बाई’ हा साचा अमेरिकेत टीव्हीच्याही आधीचा. २००४ मध्ये ‘द अप्रेंटिस’ या अमेरिकी रिअ‍ॅलिटी शोच्या पहिल्या पर्वात डावपेच सगळेच खेळत होते, खलनायिका म्हणून गाजली ती ओमारोसा ही कृष्णवर्णीय स्पर्धक. पुरुषात जी जिद्द म्हणून खपते, तीच अशा बाईत उर्मटपणा ठरते. हा उघड अन्याय आहे.

प्रश्न : शिल्पा शेट्टीच्या वेळी तर उलट झालं ना?

उत्तर : अर्धंच. जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये स्वयंपाकातल्या स्टॉक क्यूबवरून भांडण पेटलं. जेड गुडी या ब्रिटिश स्पर्धकानं शिल्पाला ‘पॉपडम’ म्हणजे पापड म्हटलं. ऑफकॉम या नियामकाकडे ४४ हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. जेड बाहेर पडली, शिल्पा ६३ टक्के मतं घेऊन जिंकली. जेडचे शब्द वर्णद्वेषीच होते, त्यात शंका नको. पण गरीब घरातल्या या मुलीची अक्कल आणि वजन काढून तिथल्याच वृत्तपत्रांनी २००२ पासून, म्हणजे ती ‘बिग ब्रदर’मध्ये पहिल्यांदा दिसली तेव्हापासून, धंदा केला होता, आणि आता सगळं खापर तिच्या एकटीवर फुटलं. मे महिन्यात ऑफकॉमनं दोषी धरलं ते शो दाखवणाऱ्या चॅनल ४ ला, कारण प्रसारणात काय जाणार हे वाहिनीच्या हातात होतं.

म्हणून तक्रार स्पर्धकाच्या इन्स्टाग्रामवर नको. आपल्याकडे आधी वाहिनीकडे आणि मग बीसीसीसीकडे, म्हणजे मनोरंजन वाहिन्यांच्या स्वनियमन परिषदेकडे करा. वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ आणि नेमकं दृश्य लिहा. ‘फार वाईट दाखवतात’ एवढ्यावर काहीच हलत नाही.