आलेखावर रेषा दिली आहे, पण एकाही बिंदूचे निर्देशक दिलेले नाहीत. समीकरण कसे काढावे?

आपल्या आकृतीतील रेषा डावीकडून उजवीकडे उतरते आणि य-अक्षाला ४ व ५ यांच्या दरम्यान छेदते. नेमकी कुठे ते वाचता येत नाही, ही आपली अडचण आहे. य = म क्ष + क या समीकरणात म हा रेषेचा चढ (य-निर्देशकांतील फरक भागिले क्ष-निर्देशकांतील फरक) आणि क ही रेषा य-अक्षाला छेदते तेथील य ची किंमत. हा क थेट आलेखावरून वाचण्याची सवय अनेकांना असते, परंतु छेदबिंदू असा दोन रेघांच्या मध्ये पडत असेल, तर नजरेच्या अंदाजावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

त्याऐवजी रेषा आलेख कागदावरील आडव्या व उभ्या रेघांच्या छेदातून अचूक जाते, असे दोन बिंदू शोधावेत. ते एकमेकांपासून जितके दूर असतील तितके बरे, कारण वाचनातील बारीकशी चूक मोठ्या अंतराने भागली गेली की चढावर तिचा परिणाम कमी होतो. आपल्या रेषेवर (−१, ६) आणि (५, −३) हे असे बिंदू आहेत. म्हणून चढ म = (−३ − ६) ÷ (५ − (−१)) = −९/६ = −३/२. रेषा उतरती आहे, तेव्हा चढ ऋणच यायला हवा. वजाबाकीचा क्रम अंशात एक आणि छेदात दुसरा ठेवला, तर नेमके हे चिन्ह उलटते.

आता (५, −३) ही किंमत ठेवल्यास −३ = −१५/२ + क, म्हणजे क = ९/२. समीकरण य = −(३/२)क्ष + ९/२, अथवा ३क्ष + २य = ९. पडताळ्यासाठी न वापरलेला तिसरा बिंदू घ्यावा: (३, ०) ठेवल्यास ९ = ९ मिळते.

दोन्ही अक्षांवरील प्रमाण मात्र आधी पाहावे. सेल्सिअस आडव्या आणि फॅरनहाइट उभ्या अक्षावर घेतल्यास रेषा (०, ३२) व (१००, २१२) यांतून जाते आणि तिचा चढ १८०/१०० = ९/५ असतो. पण आडवा चौकोन १० अंशांचा व उभा २० अंशांचा असेल, तर नुसते चौकोन मोजणाऱ्याला ९/१० मिळेल.

रेषा य-अक्षाला समांतर असेल, तर क्ष-निर्देशकांतील फरक ० येतो, चढ काढता येत नाही आणि समीकरण क्ष = ४ अशा रूपात लिहावे लागते.