एकच गिऱ्हाईक आणि मालाचा दर्जा : वाचकांचे प्रश्न

वरूडच्या एका बागायतदारांचा प्रश्न : बांगलादेशाने आयात शुल्क वाढवले आणि संत्र्याचे भाव पडले. एकाच देशावर अवलंबून राहिल्याने आपल्या फळाचा दर्जाही घसरला, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

आहे, पण "घसरला" म्हणण्यापेक्षा "सुधारायची गरजच पडली नाही" म्हणणे अधिक बरोबर. नागपुरी संत्र्याची साल सैल, बिया भरपूर, टिकाऊपणा कमी. बांगलादेशाला ते तसेच चालत होते. वाट जमिनीवरची, बाजार ओळखीचा. व्यापारी इसार देऊन बाग झाडावरच विकत घ्यायचा, तोडणीही त्याचीच. मग मेण लावा, शीतगृह बांधा, बिनबियांचे वाण लावा, हा खर्च कोण करणार? त्याचे वेगळे पैसे देणारे गिऱ्हाईकच नव्हते. दुसऱ्या बाजारात जायचे तर नेमके हेच लागते, आणि बिनबियांची कलमे लावली तरी फळ हाती यायला चार-पाच वर्षे जातात. म्हणून 2019 पासून शुल्क चढत जाऊन 2023 पर्यंत चौपटीपलीकडे गेले, तेव्हा माल वळवायला जागा उरली नाही.

यातली एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शुल्काचा बोजा किलोवर सारखा पडतो, तेव्हा सर्वांत आधी हलका माल मरतो. समजा साधे फळ 25 रुपये किलो आणि निवडक फळ 40 रुपये. निवडक फळ 60 टक्के महाग. दोन्हींवर 60 रुपये शुल्क लागले की भाव होतात 85 आणि 100, म्हणजे फरक जेमतेम 18 टक्के. तिथला गिऱ्हाईक साहजिकच चांगल्या फळाकडे वळतो. अशा वेळी मिसळ माल पाठवणे म्हणजे लहान फळाचेही शुल्क मोठ्या फळाइतकेच भरणे. चुरी, म्हणजे बारीक फळे, इथेच वेगळी काढून रसासाठी द्यावी.

नाशिकहून : आमची द्राक्षे युरोपला जातात. तिथल्या कडक अटींमुळेच दर्जा वाढला. मग एकाच बाजारावरचे अवलंबित्व वाईट कसे?

दर्जा वाढला हे खरेच. ग्रेपनेट या निर्यातीच्या ऑनलाइन नोंदप्रणालीत प्लॉटची नोंद, तोडणीआधी फवारणीच्या औषधांची अंश-तपासणी, मण्याचा आकार, साखर, पूर्वशीतकरण (तोडलेला माल लगेच थंड करणे), ही शिस्त त्या गिऱ्हाइकामुळेच आली. पण त्याने विचारले तेवढेच आपण तपासत गेलो, आणि 2010 मध्ये त्याची किंमत मोजली. खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलच्या सुमाराच्या छाटणीनंतर, वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपले सीसीसी, तेव्हा आपल्या तपासणीच्या यादीत नव्हते. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. काडीत साठलेला अंश पुढे मण्यात उतरला आणि कंटेनर तिथे पोचल्यावर अडकले. माल त्याच मोजमापाचा बांधलेला, हंगाम संपत आलेला, पर्यायी बाजाराशी बोलणे झालेले नाही. कडक गिऱ्हाईक दर्जा वाढवतो, पण जोखीम कमी करत नाही. माझ्या मते वरूडपेक्षा नाशिकची स्थिती खूप बरी, कारण युरोपच्या कसोटीला उतरलेले फळ इतरत्र सहज चालते. उलटे होत नाही.

एका अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीचा प्रश्न : अवलंबित्व आणि दर्जा आकड्यांत कसे मोजायचे?

अवलंबित्वासाठी प्रत्येक देशाच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज करा. एका देशाचा वाटा 70 टक्के आणि तिघांचा 10-10 टक्के असेल, तर 0.49 अधिक 0.03, म्हणजे 0.52. चौघांचा सारखा वाटा असता तर 0.25 आले असते. दर्जासाठी निर्यातमूल्य भागिले वजन, म्हणजे किलोमागचा भाव. ताज्या द्राक्षांसाठी 080610 आणि संत्रावर्गासाठी 080521 हा सीमाशुल्काचा सहा अंकी संकेतांक घ्या. चार अंकी घेतलात तर 0806 मध्ये बेदाणा आणि 0805 मध्ये लिंबू मिसळतात. हा भाव म्हणजे दर्जाच, असे मात्र धरू नका. स्वस्तात घेणारा मोठा देश गळाला, तर फळात काडीचा बदल न होता सरासरी भाव वाढलेला दिसतो. म्हणून देशवार तुलना करा, आणि रुपयाच्या घसरणीचा परिणाम वेगळा काढा.

काटोलहून : दुसरा बाजार धरायचा तर संत्र्याच्या या आंबिया बहारापासून (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) काय करू?

तोडणी आपल्या हातात घ्या. फळ ओढून तोडले की देठाशी साल फाटते आणि तिथून कुज शिरते. कात्रीने देठ फळालगत कापा. दव वाळल्यावरच तोडा, ओल्या सालीतल्या तेलग्रंथी फुटून डाग पडतात. धुतलेले फळ पूर्ण सुकवून मगच मेणाचा पातळ थर द्या. थर जाड झाला तर फळाला हवा मिळत नाही आणि चव आंबूस होते. साठवण 6 ते 7 अंश सेल्सिअसला. अशा फळाला महिना-दीड महिना मिळतो. पहिल्या वर्षी सगळा माल नव्या गिऱ्हाइकाला देऊ नका. कोळशी (सालीवरची काळी बुरशी) नसलेली, एकसारख्या आकाराची थोडी फळे बाजूला काढा आणि त्यातलीच काही क्रेट घरी ठेवून रोज किती सडतात ते लिहीत जा. खरेदीदार पहिल्यांदा तीच वही मागेल.