‘कोच हो’ म्हटलं की तिला रडू यायचं

मुलगी लहानपणापासून खेळली, राज्यापर्यंत गेली आणि विशीच्या पुढे कधीतरी खेळ थांबला. दुखापत झाली, निवड हुकली, नाहीतर घरच्यांचा धीर सुटला. मग आईवडील विचारतात, ‘‘आता हिचं काय?’’ त्यावर मामा-मावश्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर असतं: ‘‘कोच हो म्हणावं.’’ सल्ला वाईट नाही. पण तो केव्हा दिला जातो यावर पुढचं बरंच काही ठरतं, म्हणून एका मुलीची हकिगत सांगते. तिने परवानगी दिली आहे. ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत.

मुलगी बेळगावच्या वडगाव भागातली. वडील पॉवरलूमवर कामाला, आई घरी शिवणकाम करते. बेळगावात स्केटिंगचं वेड भरपूर; मे महिन्याच्या सुट्टीत रिंकवर पोरांची झुंबड असते. हीसुद्धा अशाच एका सुट्टीत गेली आणि तिथलीच झाली. आधी स्पीड स्केटिंग, मग हातात स्टिक घेऊन रोलर हॉकी. तिथून बर्फावरच्या हॉकीचं वेड डोक्यात शिरलं. आपल्याकडे बर्फ कुठला? त्यासाठी लेह गाठावं लागतं. तिथली तळी आणि रिंक गोठतात ती डिसेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि शहर साडेतीन हजार मीटर उंचीवर. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून तिला शिबिराला पाठवलं. पहिले काही दिवस तिला धाप लागायची, पण परत आली ती दुसऱ्या हिवाळ्याचे बेत घेऊनच. दुसऱ्या हिवाळ्यात निवड चाचणी झाली. नाव आलं नाही. वर्षभराने इथल्याच रिंकवर वळताना गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, फिजिओथेरपी झाली, चालणं-पळणं जमू लागलं. पूर्वीचा वेग मात्र आला नाही.

भारताचा महिला आइस हॉकी संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला तो २०१६ मध्ये. बँकॉकला पहिले विजय मिळाले २०१७ मध्ये. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, लहानपणी गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. ही तेव्हा शाळेत होती आणि त्यांच्या बातम्या वहीत चिकटवून ठेवायची. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात या संघाने कांस्यपदक मिळवलं. ती बातमी तिने वाचली तेव्हा पायाला ब्रेस होता. ती रडायला लागली आणि आईला वाटलं, गुडघा दुखतोय. आई गोळी घेऊन आली.

तिला माझ्याकडे समुपदेशनासाठी आणलं ते आईनेच. ‘‘बाई, हिला काय बोलायची सोय नाही बघा. कोच हो म्हटलं की रडत्या. आमी काय वाईट सांगालोय काय?’’

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘मॅडम, ज्याला खेळता येत नाही तो कोच होतो. सगळे मला तेच सांगायलेत, की तू संपलीस.’’

खेळ सुटला की माणसाचा दिनक्रम सुटतो, मैत्रिणी सुटतात, आणि ‘मी कोण?’ या प्रश्नाचं तयार उत्तरही जातं. मानसशास्त्रात याला खेळाडू म्हणून असलेली ओळख म्हणतात. ब्रूअर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ती मोजण्यासाठी छोटी प्रश्नावली तयार केली. तिच्यातल्या विधानांचा आशय साधा आहे: मी स्वतःला खेळाडू मानते, माझे बहुतेक मित्र खेळाडूच आहेत, खेळ हा माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ही ओळख जितकी घट्ट आणि एकटी, तितका खेळ थांबल्यावर त्रास जास्त. हिच्याकडे दुसरी ओळख नव्हतीच. पदवीचं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलं होतं. अशा वेळी ‘कोच हो’ म्हणणं म्हणजे घरात सुतक असताना नव्या कामाची बोलणी काढण्यासारखं आहे. आधी गेलेल्याचं दुःख करू द्यावं लागतं. आईबापांना हे पटायला जड जातं, कारण मुलीला रडताना त्यांना पाहवत नाही. पण ही घाई होते ती त्यांच्या जिवाला ते रडणं सोसत नाही म्हणून, आणि भुर्दंड मुलीला बसतो.

म्हणून आम्ही कोचिंगचा विषयच बाजूला ठेवला. काय काय गेलं ते ती बोलत राहिली. लेहच्या सकाळी हेल्मेटच्या जाळीवर साचणारा श्वास, चाचणीच्या यादीत खाली खाली जाणारं आपलं बोट, बापाच्या कर्जाची लाज. ती लाज सर्वांत खोल होती आणि तोवर घरात कुणी तिच्यावर बोललं नव्हतं. पुढे ती वडिलांशी बोलली, ती गोष्ट मी तिच्यापाशीच ठेवते.

एकदा मी सहज विचारलं, चाकांवरचं आणि बर्फावरचं स्केटिंग यात फरक काय? तिने माझ्या टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली आणि कडेवर उभी धरली. ‘‘पातं असं असतंय. पण खालून मधोमध पोकळ घासतात. म्हणजे धारा दोन, आतली आणि बाहेरची.’’ पट्टी एका अंगाला किंचित कलली. ‘‘वळायचं ते या धारेवर. थांबायचं तर दोन्ही पाती एकदम आडवी मारायची, बर्फाचा चुरा उडतोय. चाकावरची पोरं तिथं मागचा पाय घासत ओढतात. त्यांना रागवून उपयोग नाही, पायाला तीच सवय असते.’’ मग मला उभं केलं, गुडघे वाकवायला लावले आणि म्हणाली, ‘‘खाली बघू नका. नजर खाली गेली की माणूस पडतंय.’’

‘बघ, तू शिकवतेसच की!’ हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. ते मी मुद्दाम बोलले नाही. एखादी गोष्ट छान समजावता येणं आणि वीस पोरांची बॅच सांभाळणं यात बरंच अंतर आहे, आणि अशा कौतुकाने ती पुन्हा त्याच दडपणाखाली गेली असती. एवढंच सुचवलं, की रिंकवर जा, शिकवू नकोस, बाकावर बसून एकाच मुलाकडे बघ आणि वहीत लिही. चाकांचा आवाज कानावर पडताच पहिल्या दिवशी ती फाटकातून परतली. मग गेली, बसली, लिहिलं. पुढे तिथल्या सरांनीच नवशिक्या पोरांचा एक कोपरा तिच्यावर सोपवला.

आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. ती चिडायची. पडायला घाबरणाऱ्या एका मुलीला ‘‘एवढं पण येत नाही?’’ असं ओरडली आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी आलीच नाही. चांगल्या खेळाडूंचं हे नेहमी होतं. जे आपल्याला नकळत जमलं ते दुसऱ्याला का जमत नाही, हे कळत नाही. मग आम्ही उलट सुरुवात केली. तुला स्वतःला पडायला कुणी शिकवलं? आठवेना. तर ते आता शोधून काढ. तिने पडण्याचे टप्पे पाडले: गुडघ्यांवर यायचं, हात पुढे पसरून बोटं मुठीत घ्यायची, मग एक पाय रोवून उठायचं. त्या मुलीच्या घरी जाऊन तिला पुन्हा रिंकवर आणलं. मला वाटतं, प्रशिक्षक होण्याची तिची सुरुवात इथे झाली, पट्टीच्या प्रसंगात नाही.

‘खेळता येत नाही तो शिकवतो’ या समजावर तिला जेसिका कॅम्पबेलबद्दल सांगितलं. ती कॅनडाच्या राष्ट्रीय महिला आइस हॉकी संघातून खेळली. खेळणं थांबल्यावर तिने पुरुष व्यावसायिक खेळाडूंना स्केटिंगचं तंत्र शिकवायला घेतलं, जर्मनीत काम केलं, अमेरिकेतल्या दुय्यम लीगमध्ये सहायक प्रशिक्षक झाली आणि २०२४ मध्ये सिअ‍ॅटल क्रॅकन संघाने तिला घेतलं. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये पूर्णवेळ सहायक प्रशिक्षक होणारी ती पहिली स्त्री. आमची मुलगी ऐकून म्हणाली, ‘‘म्हणजे तिने पण आधी पायच शिकवले.’’

आईचा प्रश्न वेगळा होता आणि तितकाच रास्त. पैसे किती, रात्री घरी यायला किती वाजणार, आणि लग्न? इथे गोड बोलण्यात अर्थ नसतो. रिंकवरच्या संध्याकाळच्या बॅचवर घर चालत नाही. शाळेत शारीरिक शिक्षणाची नोकरी हवी तर पदवी पूर्ण करून दोन वर्षांचं बी.पी.एड. करावं लागतं. प्रशिक्षकाच्या पदविकेसाठी पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे आणि तिथे सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालतो. अर्ज करण्याआधी आपला खेळ त्या वर्षीच्या यादीत आहे का ते बघावं. आणि कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे. मराठी माध्यमातल्या आपल्या मुली इथे अडतात, म्हणून हे लवकर हाती घ्यावं. रिंकवरची निम्मी पोरं तशीही कन्नडच बोलतात; ती आता त्यांच्याकडूनच शिकते आहे.

एक गोष्ट आईवडिलांसाठी. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण सुटलं, मैत्रिणींना भेटणं बंद झालं किंवा ‘जगून काय करू’ असं तोंडून निघालं, तर ‘होईल कमी’ म्हणत थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तिने पदवीच्या राहिलेल्या पेपरांचा फॉर्म भरला आहे. स्थळं येतात. पाहुण्यांसमोर ती स्वतःच सांगते, की संध्याकाळी पाच ते आठ मी रिंकवर असते आणि लग्नानंतरही असेन. निपाणीकडचं एक स्थळ त्यावरून मोडलं. आई दोन दिवस बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं, ‘‘बाई, पुढच्यांना हे चहाच्या आधी सांगायचं की नंतर?’’ मी म्हटलं, फोनवरच सांगा, म्हणजे कुणाचाच हेलपाटा होणार नाही.