सोसायटीत रेबीजपासून माणसं आणि पाळीव प्राणी कसे सांभाळावेत?

तुम्ही लिहिलंय की आवारात सात-आठ भटकी कुत्री आहेत, काही घरांत पाळलेली आहेत आणि मीटिंगमध्ये 'उचलून लांब सोडा' यावरच गाडी अडकते. पुण्यातल्या आमच्या सोसायटीची मी चार वर्षं सेक्रेटरी होते. हे भांडण मला तोंडपाठ आहे.

लांब सोडायचा नाद सोडा. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं जिथून पकडलं तिथेच परत सोडायचं असतं (पिसाळल्याची शंका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच महापालिकेला कळवा). शिवाय जुनी गेली की कचऱ्याच्या वासावर नवी येतात, तीही बिनलशीची. दहातल्या सात कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. गोव्याने गावोगाव जाळी घेऊन हेच केलं आणि २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर केलं.

आमच्याकडे अकरा होती. कान कापलेला दिसला की लोक म्हणायचे, याला झालीये लस. पण तो कान नसबंदीची खूण. तेव्हा लस दिलेली असते, यंदाचं काय? म्हणून वहीत रंग-खुणांसकट नोंद ठेवली आणि एका रविवारी सकाळी डॉक्टरांना बोलावलं. कुत्री धरून कोणी दिली? जिच्याशी सगळे खाऊ घालण्यावरून भांडायचे, त्याच ताईने! पाळलेल्या कुत्र्या-मांजरांना तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग बूस्टर आणि दरवर्षी एक. मांजरवाले हटकून टाळतात, 'ती घरातच असते' म्हणून.

खरी गडबड माणसांकडून होते. आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनच्या पोटरीला कुत्रं चावलं, तर गडी चुना लावून, वर फडकं बांधून ड्युटीवर. दुसऱ्या दिवशी लंगडताना दिसला म्हणून कळलं. पगार कापला जाईल ही एक भीती, आणि 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही दुसरी. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडावर, सरकारी दवाखान्यात फुकट, बहुतेक ठिकाणी ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी.

चावलं, रक्त आलं किंवा ओरखडा उठला तरी आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. चुना, हळद, तिखट काही नको. मग त्याच दिवशी दवाखाना. रक्त आलं असेल तर जखमेतच सोडायचं इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) मागून घ्या. लशीचा परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो, तोवर तेच राखण करतं. लक्षणं दिसल्यावर मात्र डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरत नाही.

चावलेल्या कुत्र्याला काठ्या घेऊन हाकलू नका. दहा दिवस ते नजरेसमोर धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं कळतं. पण तोवर इंजेक्शनं थांबवायची नाहीत.

त्या प्रकारानंतर आम्ही ठरावच केला: इंजेक्शनाच्या दिवशी वॉचमन, सफाईवाल्या मावशी, माळी, कुणाचाही पगार कापायचा नाही. गेटजवळच्या नळावर साबण ठेवला, तो पहिल्या आठवड्यात दोनदा चोरीला गेला. आता जाळीच्या पिशवीत बांधून ठेवतो. आणि वॉचमनला २८ व्या दिवशी मीच स्कूटरवर बसवून नेलं, कारण बरं वाटल्यावर ते शेवटचं इंजेक्शन सगळेच विसरतात.