मेटल डिटेक्टर खोलवरचं पकडत नाही? आधी माती बघा

सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवू नका, नवे लोक इथेच फसतात. कोकणातल्या जांभ्यात आणि देशावरच्या काळ्या मातीत लोह भरपूर. मातीचाच सिग्नल इतका येतो की खालचं नाणं त्यात बुडून जातं.

आधी हवेत चाचणी घ्या, मोबाइल लांब ठेवून. पितळी वॉशर हवेत 20 सेंटिमीटरवर वाजतो आणि मातीत 10 वर गप्प होतो, तर यंत्र बहुधा ठीक आहे, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा सिग्नल दाबणारी सेटिंग, चुकलाय. धातू नसलेली जागा शोधा, कॉइल (दांड्याच्या खालची तबकडी) 30 सेंटिमीटरवरून 3 पर्यंत वरखाली करा आणि आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत बॅलन्स फिरवा. मातीचा रंग बदलला की पुन्हा करा. मग किरकिर थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवा, डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणारी सेटिंग) शून्यावर ठेवा.

हवेतही अंतर कमी आलं तर बॅटरी, कनेक्टर बघा. कॉइलचं कव्हर काढून आत साचलेली ओली माती पुसा. हे हमखास राहून जातं.

मोठी कॉइल लगेच घेऊ नका, ती मातीही जास्त बघते. अशा जमिनीत लहान डीडी कॉइल (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेली) बरी. फिरवताना टोकाला हात वर उचलला जातो, तिथेच खोली जाते.